हजेरी, ऑनलाइन परीक्षा, प्लेसमेंट: यांतून आयटीआयचा दर्जा कळत नाही

आयटीआयबद्दल एक दावा सध्या सगळीकडे फिरतो आहे. बायोमेट्रिक हजेरी आली, थिअरीची परीक्षा संगणकावर गेली, संस्थांना श्रेणी मिळू लागली, प्लेसमेंटचे आकडे दिसू लागले. म्हणजे दर्जाची तपासणी आता आपोआप होते, कार्यशाळेत जाऊन जॉब (मुलांनी घडवलेले धातूचे नग) मोजत बसायची गरज नाही. यातली प्रत्येक सोय उपयोगाची आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्याचा फटका प्रशिक्षणार्थ्यांनाच बसतो.

‘हजेरी चोख, म्हणजे प्रशिक्षण चोख.’ २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात वर्षाचे १,२०० तास आहेत, त्यांतले ८४० ट्रेड प्रॅक्टिकलचे. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. पण बोटाचा ठसा एवढंच सांगतो की मुलगा आवारात आला होता. २० जणांच्या तुकडीला चार लेथ (धातू फिरवून कातायची यंत्रं) असतील आणि लेथसाठी १०० तास धरले असतील, तर एकेकाच्या वाट्याला २० तास येतात. एक लेथ बंद पडली की १५. ठशाच्या नोंदीत मात्र सगळ्यांचे १०० तास भरलेले दिसतात. म्हणून हजेरीपत्रकाशेजारी यंत्राचं लॉगबुक आणि कच्च्या मालाची साठा नोंदवही ठेवून पाहायला हवी. संधाता (वेल्डर) ट्रेडच्या तुकडीने महिनाभर आर्क वेल्डिंग केलं असेल तर इलेक्ट्रोडची पाकिटं संपलेली दिसलीच पाहिजेत. साठा जसाच्या तसा असेल, तर मुलं नुसती बसून होती.

‘ऑनलाइन परीक्षेमुळे निकाल खरा झाला.’ थिअरीतली कॉपी अवघड झाली, हे मान्य. पण नियमच काय सांगतात ते पाहा: ट्रेड प्रॅक्टिकल आणि वर्षभराच्या मूल्यमापनात उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात, बाकी विषयांत ३३. म्हणजे ट्रेडचा खरा भार संगणक पोहोचत नाही त्या बाजूला आहे.

जोडारी (फिटर) ट्रेडचंच उदाहरण घ्या. सुरुवातीच्या जॉबला ±०.२५ मिमी चालतं. पुढे स्लायडिंग, अँग्युलर, टी-फिट अशा एकमेकांत बसणाऱ्या दोन भागांच्या जॉबला ±०.०४ मिमी आणि कोनाला ३० मिनिटं (अर्धा अंश) एवढीच सूट असते. नेहमीच्या व्हर्नियरचं (जबड्यांत धरून मोजायच्या मापकाचं) लघुत्तम माप ०.०२ मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन घरं. जबडे झिजून ०.०३ चा शून्यदोष (जबडे मिटले तरी शून्य न दिसणं) आला असेल आणि तो कोणी वजा केला नसेल, तर चांगला जॉब नापास होतो आणि वाईट पास. त्यामुळे मोजमाप सुरू करण्याआधी जबडे पुसून, मिटवून शून्य पाहणं आणि स्लिप गेजवर (अचूक मापाच्या ठोकळ्यावर) एक माप पडताळणं ही पहिली पायरी आहे.

दुसरी चूक जास्त होते. नर भाग (आत बसणारा) मादीत (खाच असलेल्या भागात) बसला की पूर्ण गुण दिले जातात. पण अभ्यासक्रमाची अट अदलाबदलीची आहे, म्हणजे भाग एकाच जोडीपुरता जुळून चालत नाही. टी-फिटचा नर भाग काढून १८० अंशांत उलटा करून बसवा. एकाच जोडीपुरती कानस मारून घासलेला जॉब इथेच अडतो किंवा एका खांद्याला उजेड दाखवतो. मग फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या संचातली) ०.१० मिमीची पात घाला. दोन्ही भाग मापात असतील तर फट जास्तीत जास्त ०.०८ भरते, पात शिरली तर किमान एक भाग मापाबाहेर आहे. एका जॉबला पाच मिनिटंही लागत नाहीत.

‘बाहेरचा परीक्षक येतो, मग पक्षपात कुठला?’ शिकवणारा आणि तपासणारा वेगळा असावा, हे तत्त्व योग्यच आहे. २०१८ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद आली, तीही प्रमाणपत्र देणाऱ्या आणि मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना वेगवेगळी मान्यता देते. पण २० जॉब नीट मोजायचे, प्रत्येकाला १० मिनिटं, तर नुसत्या मोजणीचे तीन तास वीस मिनिटं होतात. एवढा वेळ वेळापत्रकात नसेल तर गुण नजरेने पडतात. वेल्डिंगमध्ये हे सर्वांत धोक्याचं: वरून बीड (वेल्डिंगची रेघ) सुरेख, आत मुळाशी धातू वितळलेलाच नाही. जोड कापून किंवा वाकवून पाहिल्याशिवाय ते दिसत नाही.

‘श्रेणी आणि प्लेसमेंट बघा, बाकी सगळं त्यात आलं.’ श्रेणीत इमारत, यंत्रं, जागा भरणं हे सहज मोजलं जातं, कारण ते मोजणं सोपं आहे. प्लेसमेंट तर बरीचशी भोवतालच्या कारखान्यांवर ठरते. औद्योगिक वसाहतीशेजारची सुमार संस्था पुढे दिसते, दुर्गम तालुक्यातली मेहनती संस्था मागे. आकडा हवाच असेल तर सहा महिन्यांनी विचारा: त्याच ट्रेडचं काम करतोय का, की पॅकिंगला उभा आहे? वर्षाच्या १५० तासांच्या ऑन द जॉब ट्रेनिंगलाही (कारखान्यातल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणालाही) हाच प्रश्न लावा. वहीत ‘हजर’ नको, रोज कोणतं काम केलं ते हवं.

हे सगळं नव्या पोर्टलशिवाय होतं. परीक्षेचे जॉब भंगारात टाकण्याआधी नंबर ठोकून वर्षभर ठेवा. निरीक्षकाने प्रत्येक तुकडीतले कोणतेही तीन उचलावेत, आधीचे गुण न पाहता मोजावेत, मग गुणपत्रिका उघडावी. फरक मोठा निघाला तर सगळे वीस पुन्हा मोजायचे, आणि त्या शिल्पनिदेशकाला (ट्रेड शिकवणाऱ्या शिक्षकाला) नोटीस धाडण्याआधी त्याच्या हातातला व्हर्नियर तपासायचा.