आधी पोरके व्हा, मग पदवीधर

अमेरिकेत कर्ज न काढता कॉलेज पूर्ण करायचंय? उत्तम. सरकारी शैक्षणिक कर्जाची थकबाकी तिथे १.६ लाख कोटी डॉलरच्या वर गेली आहे आणि ४ कोटींहून जास्त माणसं त्या ओझ्याखाली आहेत. त्यांत तुमची भर कशाला? फक्त सुरुवात वेळेवर करा. वेळेवर म्हणजे जन्माआधी. मुलांच्या शिक्षणासाठीच्या '५२९' नावाच्या करसवलतीच्या खात्यात वर्षानुवर्षं पैसे साठवणारं एखादं जोडपं हेरा आणि त्यांच्याच पोटी जन्म घ्या.

हे राहून गेलं असेल, तर मात्र असलेल्या आई-वडिलांपासून सुटका करून घ्यावी लागेल.

हसू नका. सरकारी मदतीसाठी 'फाफ्सा' नावाचा अर्ज भरावा लागतो आणि त्यात तुमची ऐपत म्हणजे आई-वडिलांची ऐपत. 'आम्ही एक दमडी देणार नाही,' असं त्यांनी तोंडावर सांगितलं तरी त्यांचं उत्पन्न तुमच्या नावावर मोजलं जातं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, ही आपली नुसती म्हण; तिथे तो नियम आहे.

सुटकेचे रस्ते नियमातच दिलेत. पहिला, २४ वर्षांचे व्हा. शाळा सुटल्यावर मधली सहा वर्षं काय करायचं, ते तुमचं तुम्ही बघा. दुसरा, सैन्यात जा. १९४४ च्या 'जीआय बिल' या सैनिकांसाठीच्या कायद्यापासून शिक्षणाचा खर्च सरकार देतं, बदल्यात मागतं ते थोडंच. तिसरा, लग्न करा. आई-वडिलांचं उत्पन्न गळतं, पण जोडीदाराचं मोजलं जातं, तेव्हा स्थळ पाहताना पगार जरूर विचारा आणि चांगला निघाला तर नकार कळवा. लग्नाची कटकट नको असेल तर निदान मूल होऊ द्या. त्याचा निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही उचलत असाल तर तुम्ही स्वतंत्र. कॉलेज परवडत नाही म्हणून मूल वाढवायचं! यादीत अनाथांचाही उल्लेख आहे, पण तो मार्ग मी सुचवत नाही. निव्वळ माहितीसाठी.

यातलं काही सोसत नसेल तर शिकागोच्या उपनगरांतल्या सधन पालकांकडून शिका. २०१९ मध्ये उघड झालं की त्यांच्यापैकी काहींनी कोर्टात जाऊन आपल्या मुलांचं पालकत्व मित्रांच्या, नातेवाइकांच्या नावे करून दिलं होतं. मुलं राहत होती घरीच, कागदावर मात्र पोरकी. गरिबांसाठीची मदत मग दार ठोठावत आली. श्रावणबाळ आई-वडिलांना खांद्यावर घेऊन फिरला. त्याला चांगला वकील भेटला नसावा.

आई-वडील सोडवतच नसतील तर शिष्यवृत्त्या गोळा करा. उंच माणसांच्या क्लबांची एक आहे: मुलगी ५ फूट १० इंच, मुलगा ६ फूट २ इंच. चिकटपट्टीचे कपडे शिवणाऱ्यांसाठी दुसरी आहे. मिळाली की कॉलेजला कळवायला धावा. बरीच कॉलेजं तेवढीच रक्कम स्वतःच्या मदतीतून कापून घेतात, म्हणजे चिकटपट्टी तुमची आणि बचत त्यांची. मेरिलँडने २०१७ मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांच्या या सवयीला कायद्याने वेसण घातली. एवढा आगाऊपणा बरा नव्हे.

'मी उन्हाळ्यात राबून फी भरली,' असं सांगणारे एक काका प्रत्येक घरात असतात. त्यांना नमस्कार करा. किमान वेतनाचा केंद्रीय दर २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर बसून आहे; फीला मात्र बसायची सवय नाही.

आणि हो, केंटकीतलं बेरिया कॉलेज १८९२ पासून शिक्षणाची फी घेत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला किमान १० तास काम करायचं, बस. पण तिथेही घोडं आई-बापांपाशीच अडतं: ते पुरेसे गरीब लागतात.

असो. पदवी मिळाली की आई-वडिलांना पुन्हा आपलं म्हणा, समारंभाला बोलवा, फोटोत मधोमध उभं करा. धाकट्या भावाला मात्र चौकटीबाहेर ठेवा. त्याचा अर्ज अजून जायचाय आणि सध्या तो कुणाचाच कुणी लागत नाही.