२५ म्हणजे २५च

परवा ओळखीतल्या एका काकांचा फोन आला. मुलीचं लग्न ठरलंय, पाहुण्यांना भेट म्हणून माझं म्हशीचं चित्र द्यायचंय. १०० नग हवेत, नगाला १५० रुपये देतो म्हणाले. मी नाही म्हटलं तर त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "अगं, ठसा तर तयार आहे. तुला नुसतं छापायचंच आहे की!"

काकांवर माझा राग नाही. पण हे वाक्य गेली सहा वर्षं मी वेगवेगळ्या तोंडून ऐकतेय, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी लिनोकट करते. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, त्यावर रोलरनं शाई फिरवायची, वर कागद ठेवून मागून घासायचं. कोरलं तेवढं पांढरं राहतं, न कोरलेलं शाई घेतं. सगळं उलटं उमटतं, त्यामुळे अक्षरंसुद्धा उलटी कोरावी लागतात.

म्हशीचं चित्र गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं आहे. तिथं म्हशी आणून समोर धार काढून देतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. आठ दिवस सकाळी मी वही घेऊन तिथं बसत होते. पहिल्या चित्रात मी शिंगं गोल वळवून काढली होती, शाळेच्या तक्त्यावरच्या म्हशीसारखी. धार काढून उठलेल्या एका मामांनी वहीत डोकावलं. "ताई, ही म्हस कुठली हो? आमची पंढरपुरी हाय. हिचं शिंग बघा, मागं खांद्याच्या पार जातंय, तलवारीगत." मी मान वर करून पाहिलं. तीन दिवस समोर बसून जे शिंग मी काढत होते, ते मी पाहिलंच नव्हतं. ते पान फाडलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आणि काळी म्हैस कोरायची म्हणजे बहुतेक वेळ हात आवरून धरायचा. तिचं अंग आहे तसं सोडायचं. पाठीच्या कण्यावर उजेडाची एक बारीक रेघ, पोटाशी दोन, डोळ्यात एक ठिपका, बस्स. एक रेघ जास्त झाली की म्हैस राखाडी होते, आणि कोरलेलं परत भरता येत नाही. लिनो आधी उन्हात ठेवून जरा मऊ करून घेते, नाहीतर कटर घसरतो आणि डाव्या हाताचं बोट कापतं. एवढ्याशा ठशाला २२ तास लागले.

माझ्याकडे प्रेस नाही. आईचा स्टीलचा डाव आहे, त्याच्या पाठीनं घासते, मधून सुरुवात करून कडेकडे. काचेवर शाई बरोबर जमली की रोलरखाली चर्र असा चिकट आवाज येतो. तो आवाज येईपर्यंत ठशाला हात लावत नाही. एका प्रतीला साधारण २५ मिनिटं जातात. ३० छापल्या, पाच खराब झाल्या, २५ राहिल्या. जुलैत छापल्या होत्या. आपल्याकडच्या पावसात तेलाची शाई आठ-आठ दिवस वाळत नाही, त्यामुळे घरभर दोऱ्या आणि चिमटे. मग प्रत्येकीवर पेन्सिलीनं आकडा: १/२५, २/२५, म्हणजे पंचवीसांतली पहिली, दुसरी.

आता हिशोब. कोरायला २२ तास, छापायला १२-१३. म्हणजे ३५ तासांत २५ चित्रं, एकाला जवळपास दीड तास. कट्ट्यावरच्या आठ सकाळी यात धरलेल्या नाहीत. एका चित्रामागे कागद, शाई, लिनो मिळून १२० रुपये, मागचा बोर्ड आणि पाकीट ६०. मी ८०० ला विकते. काकांना बोर्ड, पाकीट दिलंच नाही तरी १५० मधून कागद-शाई-लिनोचे १२० जाऊन नगामागे ३० रुपये उरतात. १०० नग छापायला ४० तासांच्या वर डाव घासायचा आणि हातात ३,००० रुपये.

पण पैसे चांगले दिले असते तरी मी नाहीच म्हटलं असतं. २५ वी प्रत छापून झाल्यावर त्या ठशावर मी आडवी खोल रेघ मारलीय. ज्यानं ७/२५ घेतलं त्याला मी शब्द दिलाय की हे पंचवीसच आहेत. हाताच्या कामात विकणाऱ्याकडे एवढी एकच गोष्ट असते, दिलेला शब्द. तो मोडला की मग खरंच नुसता कागद उरतो.

"प्रिंट म्हणजे झेरॉक्सच ना?" असं विचारणाऱ्याला पूर्वी मी समजावून सांगत बसायचे. आता स्टॉलवर ठसा आणि डाव ठेवते. लोक ठशावरून बोट फिरवतात, कोरलेल्या खोबणीत नख जातं, आणि पुढचा प्रश्न बदलतो. किंमत विचारतात, पण घासाघीस क्वचितच करतात. माझं काम विकायला लागलं ते तिथून. त्याआधी दोन वर्षं ओळखीत वाटतच होते. बाहेरगावच्या एका दुकानात ४० टक्के कमिशनवर १० चित्रं ठेवली होती. पाच महिन्यांनी सात परत आली, दोनांना ओल लागलेली. मी कच्ची पावतीसुद्धा घेतली नव्हती. कलेच्या शाखेत शिकणाऱ्या पोरांनो, आधी लेखी घ्या, मग चित्र द्या. समोरचा कितीही जवळचा असो.

आपण या गावाला कलापूर म्हणतो आणि मला त्याचा अभिमान आहे. चित्रकार आबालाल रहिमान यांना शाहू महाराजांचा आश्रय होता. रंकाळा आणि कोटीतीर्थ हे तलाव आबालालांनी जसे रंगवले, तो उजेड पाहायला मी आजही सकाळी तिथं जाते. पण आश्रय आता राजवाड्यातून येणार नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. तरीही चपलेच्या दुकानात आपण बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात पकवलेलं कातडं हातात घेऊन "मागच्या वेळी कमीला नेलं होतं" असंच म्हणतो. नाव जपलं गेलं, वेणी विणणाऱ्याची मजुरी मात्र अजून आपल्या तोंडी भावावरच ठरते. गिऱ्हाईक म्हणून मीसुद्धा तसं म्हणायचे. आता म्हणत नाही.

१/२५ कट्ट्यावरच्या मामांनी घेतलं. मी तसंच देत होते. त्यांनी हिशोब विचारला, शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "मी दूध फुकट देतो व्हय तुला?" ८०० रुपये मोजून दिले. चित्र गोठ्यात नको, ओल लागेल, म्हणून त्यांनी ते देवघराशेजारी लावलंय. म्हशीचं नाव चंद्री आहे, हे मला तेव्हा कळलं.

काकांच्या लेकीसाठी मी नवा, तळहाताएवढा ठसा कोरणार आहे, एकच प्रत, माझ्याकडून आहेर. म्हशीच्या तीन प्रती उरल्यात: १९, २२ आणि २४.