पोहण्याचं नंतर बघू, असं नव्या माणसाला सांगू नका

गेल्या आठवड्यात माझी पहिली ट्रायथलॉन पूर्ण झाली. स्प्रिंट अंतराची, म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. फोटो टाकल्यापासून बरेच जण विचारताहेत, "आम्हाला जमेल का?" जमेल. नियमित धावणारा, थोडीफार सायकल चालवणारा निरोगी माणूस काही महिने मन लावून सराव करून हे अंतर नक्की पार करू शकतो. पण असं म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं आणि ते ऐकलं की मी अस्वस्थ होते. "मग आधी सायकल आणि रनिंग पक्कं करतो, पोहण्याचं नंतर बघू. ७५० मीटरच तर आहे!"

हे नवे लोक स्वतःच्या मनाने बोलत नाहीत. चांगले अनुभवी लोक त्यांना हे सांगतात. त्यामागचा हिशोबही चुकीचा नाही. स्प्रिंटला नवीन माणसाचे दीड ते दोन तास जातात, त्यात पाण्यातली वीस-पंचवीस मिनिटं. सगळ्यात जास्त वेळ सायकलवर जातो, त्यामुळे वेळ कमी करायची असेल तर सायकलवर मेहनत घेणं फायद्याचं. ज्याला पोहता येतं, त्याच्यासाठी हा सल्ला योग्यच आहे. पण जो पहिल्यांदाच तलावात उतरणार आहे त्याला घड्याळाशी काय देणंघेणं? सायकलवर दमला तर तो थांबू शकतो, धावताना दमला तर चालू शकतो. पाण्यात पाय टेकायला जमीन नसते.

अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमध्ये १९८५ ते २०१६ या काळात झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना यांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एकूण १३५ घटना होत्या, त्यातल्या ९० पोहताना घडल्या. सगळ्यात कमी वेळाचा टप्पा, आणि दोन तृतीयांश घटना तिथे. घाबरवायला हे सांगत नाहीये. एकूण भाग घेणाऱ्यांच्या मानाने हे प्रमाण फार कमी आहे, लाखात दोनपेक्षाही कमी. त्यात पुरुष बरेच जास्त होते आणि वयाबरोबर धोका वाढत जातो, हेही त्या अभ्यासात स्पष्ट दिसतं. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्यांनी, घरात कुणाला हृदयविकार असलेल्यांनी, नाव नोंदवायच्या आधी हृदयाची तपासणी करून घ्याच. अंगात ताप किंवा छातीत कफ असेल तर शर्यत सोडून द्या. पुढच्या वर्षी पुन्हा येते.

आता मूळ मुद्दा. स्विमिंग पूलमध्ये हजार मीटर आरामात पोहणारी माणसं तलावात शंभर मीटरवर का हबकतात?

पूलमध्ये तळाला रेघ दिसते, दर २५ मीटरला भिंत येते, लेन आपली असते. भिंतीला हात लावला की नकळत एक सेकंद विश्रांती मिळते, एक लांब श्वास मिळतो. तलावात यातलं काहीच नाही. पाणी हिरवट, स्वतःचा हात कोपराच्या पुढे दिसत नाही, आजूबाजूला पन्नास माणसं एकाच बोयाकडे, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेकडे, निघालेली. भोंगा वाजतो, उत्साहात सगळे सुसाट सुटतात. पाणी गार असेल तर अंगाला लागताच शरीर आपोआप धापा टाकायला लागतं. ती प्रतिक्रिया आपल्या हातात नसते. मग माणूस पाण्याखाली श्वास सोडायचं विसरतो. तोंड वर काढलं की हवा घेतो, आत गेलं की धरून ठेवतो. छाती हवेने भरलेली असते, पण कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि हवा पुरत नाही असंच वाटत राहतं. अजून हवा हवी म्हणून तो डोकं वर उचलतो, डोकं वर आलं की पाय खाली जातात, पाय खाली गेले की दुप्पट ताकद लागते, आणि दम आणखी लागतो. पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही हे होतं. ताकदीचा इथे संबंध कमी, श्वासाचा जास्त.

आणि म्हणूनच यावर उपाय आहे, जो शिकता येतो. श्वास घेण्याकडे लक्ष द्यायचं नाही, सोडण्याकडे द्यायचं. चेहरा पाण्यात असताना सतत बुडबुडे सोडत राहायचे. छाती रिकामी झाली की घेणं आपोआप होतं. घाबरल्यासारखं वाटलं की पाठीवर उलटं व्हायचं, आकाशाकडे बघत चार श्वास घ्यायचे, मग पुन्हा पालथं. हे इतकं साधं आहे, पण पहिल्यांदा तलावाच्या मध्यावर आठवणार नाही. हे पूलमध्ये मुद्दाम, पुन्हा पुन्हा करून अंगवळणी पाडावं लागतं.

माझ्या प्रशिक्षकांनी आमच्याकडून काही गोष्टी करून घेतल्या आणि शर्यतीत त्यांचाच उपयोग झाला. भिंतीच्या अलीकडेच वळायचं, हात लावायचाच नाही. एका लेनमध्ये तिघांनी मुद्दाम खेटून पोहायचं, म्हणजे अंगाला हात-पाय लागण्याची सवय होते. डोळे मिटून दहा-बारा हात मारायचे आणि उघडून बघायचं, आपण कुठल्या बाजूला भरकटतो. प्रत्येकाचं शरीर कुठल्यातरी एका बाजूला ओढतं, ते आधी माहीत हवं. समोरचा बोया बघायला अख्खं डोकं वर काढायचं नाही. मगर जशी फक्त डोळे पाण्याबाहेर ठेवते तेवढंच वर यायचं, बोया दिसला की चेहरा पुन्हा खाली, आणि श्वास बाजूला वळूनच घ्यायचा. पूलमध्ये हे जमलं की मग उघड्या पाण्यात सराव. तो कधीही एकट्याने करायचा नाही. कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधायचा, सोबतीला जाणता पोहणारा हवा आणि काठावर लक्ष ठेवणारं कुणीतरी हवं. शर्यतीच्या आधी निदान काही वेळा तरी हे झालंच पाहिजे. माझ्या मते एवढं झालेलं नसेल तर त्या वर्षी उतरू नये.

वेटसूट, म्हणजे पोहण्याचा अंगाला चिकटणारा रबरी पोशाख, घालू, तो तरंगवतो, असंही काही जण म्हणतात. तरंगवतो हे खरं. पण वर्ल्ड ट्रायथलॉन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणे या अंतराला हौशी स्पर्धकांना पाणी २२ अंशांपेक्षा गरम असेल तर वेटसूट चालत नाही. त्याच्या भरवशावर सगळा सराव केला आणि शर्यतीच्या सकाळी बंदी जाहीर झाली तर काय करणार? शिवाय तो छातीवर घट्ट बसतो, सवय नसेल तर श्वास कोंडल्यासारखा वाटतो.

एक नियम मात्र प्रत्येक नव्या माणसाने पाठ करून ठेवावा. पोहताना कुठलाही स्ट्रोक चालतो. फ्रीस्टाइलच हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, पाठीवर चालतं, जागच्या जागी तरंगत थांबलं तरी चालतं. बोया किंवा थांबलेली होडी धरून विश्रांती घेतली तरी बाद होत नाही, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. हे ठाऊक असेल तर ७५० मीटरचे मनातल्या मनात चार-पाच तुकडे होतात. मदतीला छोटी होडी (कयाक) घेऊन थांबलेल्या माणसाला हात केला की शर्यत संपली, या समजापायी माणसं दमलेली असताना मदत मागत नाहीत. हा समज धोक्याचा आहे.

मी घोळक्याच्या मागे आणि कडेला उभी राहिले, भोंग्यानंतर पुढच्यांना जाऊ दिलं. पहिल्या बोयाजवळ कुणाचा तरी पाय लागून गॉगल सरकला, पाणी शिरलं. पाठीवर झाले, गॉगल रिकामा करून नीट बसवला, पुन्हा निघाले. त्या क्षणी छाती शांत होती. महिनोन्‌महिने केलेल्या सरावाचं चीज तिथे झालं, आणि मला तो आनंद फिनिश लाइनवरच्या आनंदापेक्षा मोठा वाटतो.

पाण्यातून उठल्यावर डोकं थोडं गरगरतं. इतका वेळ आडवं असलेलं शरीर एकदम उभं राहिलेलं असतं. शेवटचे काही मीटर पाय जरा जास्त हलवले तर बरं पडतं. मग ट्रान्झिशन, म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना तयारी बदलायची जागा. तिथे घाईपेक्षा क्रम महत्त्वाचा. हेल्मेट डोक्यावर, बक्कल लावलेलं, मगच सायकलला हात. उलटं केलं तर दंड होतो. परत आल्यावरही आधी सायकल रॅकला, मग बक्कल सोडायचं. आखून दिलेल्या रेषेच्या अलीकडे सायकलवर बसायचं नाही, हातात धरून पळायचं. आदल्या दिवशी रिकाम्या ट्रान्झिशनमध्ये जाऊन पाण्याच्या वाटेने आपल्या रॅकपर्यंत चालून बघा. शेकडो सायकलींत आपली शोधणं सोपं नसतं.

सायकलबद्दल थोडकंच सांगते. ती महागडी नसली तरी चालते. ब्रेक चांगले हवेत, हँडलची टोकं बुचांनी बंद हवीत, हेल्मेट हवं. टीव्हीवर ऑलिंपिकमध्ये खेळाडू एकमेकांच्या चाकाला चाक लावून जाताना दिसतात, ते आपल्याला चालेलच असं नाही. हौशी शर्यतींत बहुतेक वेळा पुढच्या सायकलपासून ठरावीक अंतर राखावं लागतं, सहसा १० मीटर. आपल्या शर्यतीत किती आहे ते ब्रीफिंगमध्ये, म्हणजे शर्यतीआधी आयोजक सूचना देतात तेव्हा, नीट ऐका. शेवटच्या एक-दोन किलोमीटरला हलका गिअर टाकून पाय भरभर फिरवले की उतरल्यावर धावायला मदत होते.

तरीही पहिला किलोमीटर पाय आपले वाटत नाहीत. मांड्या दगड झालेल्या, पावलं आखूड, आणि आपण रांगतोय अशी खात्री, जेव्हा खरं तर वेग ठीकच असतो. हे सगळ्यांना होतं आणि ओसरतं. आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरून लगेच पंधरा मिनिटं धावण्याचा सराव, ज्याला ब्रिक म्हणतात, तो याचसाठी. तो केलेला असला तरी पाय जड होतातच, फक्त आपण घाबरत नाही.

अंतराबद्दल माझं मत ठाम आहे. पहिल्याच वर्षी हाफ आयर्नमॅनला, म्हणजे स्प्रिंटपेक्षा कितीतरी लांब शर्यतीला, नाव नोंदवायची चढाओढ मला पटत नाही. हा खेळ सुरूच छोट्या अंतराने झाला. २५ सप्टेंबर १९७४ ला अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या मिशन बे या खाडीवर ४६ जण जमले, त्या पहिल्या ट्रायथलॉनमध्ये सायकल जेमतेम ५ मैलांची होती. हवाईची प्रसिद्ध लांब पल्ल्याची आयर्नमॅन शर्यत त्यानंतर १९७८ मध्ये आली आणि ती सुरू करणारे जॉन आणि जुडी कॉलिन्स हे दोघं मिशन बेच्या त्या छोट्या शर्यतीत उतरलेले होते. स्प्रिंटही जास्त वाटत असेल तर सुपर स्प्रिंट आहे, ४०० मीटर, १० किलोमीटर, २.५ किलोमीटर. पोहण्याचा टप्पा पूलमध्येच घेणाऱ्या शर्यतीही असतात. तलावाची भीती अजून गेली नसेल तर सुरुवात तिथे करा. त्यात काहीही कमीपणा नाही. तिघांनी मिळून रिले करता येते, पण भीती आहे म्हणून पोहणं कायम दुसऱ्याकडे देत राहू नका.

अनुभवी मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी नवीन आलं तर त्याला सायकलची चाकं कुठली घ्यावीत हे सांगण्याआधी एक सकाळ त्याच्याबरोबर पाण्यात घालवा. त्याला तळ न दिसणाऱ्या पाण्यात पाठीवर तरंगता येतं का, ते बघा.

आणि आयोजकांकडे काही मागण्या. नव्यांसाठी सगळ्यात शेवटी सुटणारी वेगळी तुकडी ठेवा, किंवा सगळ्यांना एकदम सोडण्याऐवजी काही सेकंदांच्या अंतराने चार-पाच जण सोडा. भोंग्याआधी पाण्यात उतरून पाच मिनिटं हातपाय हलवायला द्या, म्हणजे गार पाण्याचा पहिला धक्का गर्दीत बसणार नाही. ब्रीफिंगमध्ये वेळ मोजायची चिप आणि पार्किंग यांवर अर्धा तास जातो, त्यातली दोन मिनिटं काढून मोठ्याने सांगा की होडी धरून थांबता येतं, त्याने कुणी बाद होत नाही. कयाक पुढच्यांच्या बरोबरीने जातात आणि मागे पडलेल्यांजवळ कुणीच राहत नाही, असं होऊ देऊ नका. शेवटचा माणूस पाण्याबाहेर येईपर्यंत एक कयाक त्याच्या शेजारी असलीच पाहिजे.