शाळा नक्की किती वाजता सुटते?

आमच्या सोसायटीतल्या आठवीतल्या मुलाला आज शाळेने घरी बसवलं. कारण काय, तर रात्री मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याने मुख्याध्यापिकांच्या फोटोचं स्टिकर टाकलं. कुणीतरी स्क्रीनशॉट शाळेत पोहोचवला. सकाळी प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभं केलं, आईला बोलावून सांगितलं, पुन्हा असं झालं तर दाखला हातात देऊ.

हीच शाळा! गेल्या वर्षी माझ्या भाचीचे फोटो उचलून वर्गातल्याच मुलांनी इन्स्टाग्रामवर खोटं अकाउंट काढलं होतं. तिच्या रंगावर, अंगावर वाट्टेल ते लिहायचे. बहीण स्क्रीनशॉटच्या प्रिंट काढून घेऊन गेली, तर उत्तर मिळालं, "मॅडम, हे शाळेच्या वेळेत झालेलं नाही. मोबाइल तुम्हीच देता ना?"

म्हणजे मुलीची बेअब्रू झाली की शाळा संध्याकाळीच सुटते, आणि मुख्याध्यापिकांची झाली की रात्रीसुद्धा भरलेली असते.

स्टिकर वाईट होतं, मान्य. घरी त्याला बोलणी बसली, बसायलाच हवी होती. पण दाखल्याची धमकी? शिक्षण हक्क कायदा २००९चा आहे. त्याचं कलम १६ म्हणतं, आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ मानसिक छळालाही मनाई करतं. भर प्रार्थनेत पोराची मान खाली घालायला लावणं मग कशात मोडतं?

पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलीचं आठवत असेल, मे २०२५. इन्स्टाग्रामवर एक पोस्ट शेअर केली, थोड्या वेळात काढली, माफीही मागितली. तरी कॉलेजने तिचं म्हणणं न ऐकताच काढून टाकलं, अटकही झाली. उच्च न्यायालयाने जामीन दिला, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली, तेव्हा ती परीक्षेला बसू शकली. आपल्या आठवीतल्या पोरांसाठी कोण कोर्टात जाणार?

शिक्षकांचे हाल मला दिसतात. एकेका वर्गात साठ मुलं, वर निवडणुकीची कामं, आणि रात्री आपलाच चेहरा पोरांच्या मोबाइलवर फिरतोय. त्या बाईंनाही लागलं असणार. त्यांनी मुलाला केबिनमध्ये बसवून "मला वाईट वाटलं रे" म्हटलं असतं, तर तो रडला असता. मी ओळखते त्याला.

आणि शाळेने घरच्या मोबाइलमध्ये कधीच लक्ष घालू नये, असं मी म्हणत नाही. भाची कित्येक दिवस डबा तसाच परत आणायची, कारण ते लिहिणारी मुलं रोज तिच्या मागच्याच बाकावर असायची. शाळेची खरी गरज तिथे होती. तिथे शाळेने हात झटकले, याचा राग माझ्या मनातून जात नाही.

सोमवारी मी त्या मुलाच्या आईबरोबर शाळेत जाणार आहे. बहीणही येतेय. मुलाला घरी बसवल्याचा आदेश लेखी मागणार, आणि भाचीच्या तक्रारीचं काय झालं तेही लेखी मागणार. ज्यांची मुलं त्या शाळेत आहेत, त्यांनी सोबत या. पालक-शिक्षक संघात कुणी असेल तर आजच फोन करा.