त्या 'ग्लो'च्या गोळ्यांच्या फॉरवर्डबद्दल

आधी आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग भिशीच्या ग्रुपवर, आणि काल थेट ऐरोलीच्या मावशीकडून. मेसेज थोडक्यात असा: रोज रात्री बायोटीन (हे बी गटातलं एक व्हिटॅमिन) दहा हजारची गोळी, एक ग्लुटाथिऑन (शरीरात असतंच असं अँटिऑक्सिडंट) आणि कोलॅजेनची (त्वचेतलं प्रोटीन) पुडी घ्या, महिन्यात रंग उजळेल, सुरकुत्या जातील, सनस्क्रीनची गरज नाही, सगळं नॅचरल, साईड इफेक्ट शून्य, औषधासारखा गुण येतो. खाली मावशीने लिहिलंय, "मी मागवलंय गं, तुला पण सांगू का?" म्हणून हा खटाटोप.

'साईड इफेक्ट शून्य' हेच आधी घेते, कारण डोकं तिथेच फिरलं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम बायोटीन पुरतं, ते अंडी-शेंगदाणे असल्या रोजच्या खाण्यातून मिळून जातं. गोळीत 10,000 मायक्रोग्रॅम! आता जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, विषबिष नाही, हे मान्य. पण रक्ततपासणीच्या बऱ्याच मशीनमध्ये टेस्टच बायोटीन वापरून केलेली असते, मग रक्तातच ते भरमसाट असलं की मशीन फसतं. थायरॉईडच्या टेस्टमध्ये टीएसएच खोटं कमी येतं, टी-थ्री टी-फोर खोटं जास्त, म्हणजे थायरॉईड वाढलाय असं दिसतं. आमच्या मावशीला हायपोथायरॉईड, रोज उठल्या उठल्या उपाशीपोटी गोळी. असला रिपोर्ट बघून डॉक्टर काय म्हणणार, डोस जास्त होतोय, कमी करू. म्हणजे बिचारीची चालू असलेली बरोबर गोळी कमी होणार, कशासाठी तर गालावर ग्लो.

याहून वाईट म्हणजे हार्ट अटॅक आलाय का बघायची ट्रोपोनिन टेस्ट, तीही अशीच खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोव्हेंबर 2017 मध्ये यावर जाहीर इशारा दिला, त्यात बायोटीनचा मोठा डोस घेणाऱ्या एका पेशंटचा ट्रोपोनिन रिपोर्ट चुकीचा कमी आला आणि तो माणूस गेला, अशी नोंद आहे. म्हणून जे आधीच घेतायत त्यांनी डॉक्टरला आणि लॅबवाल्याला आधी सांगा. थायरॉईडच्या टेस्टआधी निदान दोन दिवस बायोटीन बंद ठेवा असं अमेरिकन थायरॉईड असोसिएशन सांगते.

आता ग्लुटाथिऑन. थायलंडमध्ये 60 मेडिकलच्या विद्यार्थ्यांवर चार आठवड्यांचा प्रयोग झालाय, 2012 साली छापलाय, आणि हो, फरक दिसला, नाकारत नाही. पण सहा ठिकाणी मोजलं त्यात ठोस फरक कुठे, तर चेहऱ्याची उजवी बाजू आणि डावा हात. बस. यावर 'रंग उजळेल'! आणि मुळात आपल्याला गोरं व्हायची एवढी घाई का, हा विषय मावशीपुढे काढायची माझी हिंमत नाही.

कोलॅजेनवर बरेच अभ्यास आहेत, त्वचेचा ओलावा वाढला असंही काहींत आलंय. पण 2025 मध्ये 23 चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा कंपनीच्या पैशाने झालेल्यांत फायदा दिसला, बाकीच्यांत नाही. आणि संकष्टीला साबुदाणासुद्धा निवडून खाणारी आमची मावशी, तिला कुणी सांगितलं नाही की ही पावडर गुरांच्या कातड्यापासून नाहीतर माशांच्या खवल्यांपासून बनते. 'व्हेज कोलॅजेन' म्हणून विकतात त्यातल्या बहुतेकांत कोलॅजेनच नसतं.

सनस्क्रीनचं तर बोलूच नका. मे महिन्यात दुपारी ऐरोली स्टेशनबाहेर रिक्षाच्या लाइनीत उभं राहून बघा. सनस्क्रीनची जागा घेईल अशी कुठलीही गोळी नाही, हे 2018 मध्ये एफडीएनेच स्पष्ट सांगितलंय.

एक गोष्ट खरी, आयर्न, बी-ट्वेल्व्ह, झिंक खरंच कमी असेल तर त्वचेवर-केसांवर दिसतं आणि तेव्हा गोळ्यांनी फरक पडतो. पण ते तपासून, डॉक्टरने दिल्यावर, ग्रुपवरच्या डोसाने नाही.

राहिलं 'औषधासारखा गुण येतो'. असल्या सप्लिमेंटच्या डब्यावर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' छापायलाच लागतं, एफएसएसएआयचा (आपल्याकडची खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियम आहे. मेसेजमध्ये डब्याचा फोटो टाकलाय तो फक्त पुढच्या बाजूचा.