तारेच्या घासणीने क्रोमचं डिलोरियन होत नाही

फिरणारा सल्ला असा: जुन्या गाडीच्या चकचकीत पट्टीला चुंबक चिकटला नाही की ती स्टेनलेसची समजा. तारेची घासणी मारा, अर्ध्या तासात डिलोरियन गाडीसारखा ब्रश्ड फिनिश, म्हणजे एकाच दिशेच्या बारीक रेषांची मंद चमक. ओरखडे लपतात, गंजही थांबतो.

आधी डिलोरियन. १९८१ पासून बेलफास्टजवळच्या डनमरीत बनलेल्या या गाडीचे बाहेरचे पत्रे ३०४ दर्जाच्या स्टेनलेसचे, त्यावर ना रंग ना मुलामा. कितीही घासा, खाली स्टेनलेसच. क्रोमच्या बंपरचं तसं नाही. तिथे क्रोमचा थर जेमतेम अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बऱ्याचदा त्याहूनही कमी. त्याखाली पिवळसर निकेल आणि मग लोखंड, पितळ किंवा जस्ताचं ओतकाम. घासणीने क्रोम उडतं, निकेल काळवंडतं आणि तेही फाटलं की लोखंड गंजायला मोकळं. मग पुन्हा प्लेटिंग, म्हणजे जो खर्च वाचवायचा होता तोच.

चुंबकाची परीक्षा तर दोन्हीकडून फसते. ट्रिमसाठी, म्हणजे सजावटीच्या पट्ट्यांसाठी, सर्रास वापरलं जाणारं ४३० दर्जाचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं. अ‍ॅल्युमिनियम, जस्त, पितळ चिकटत नाहीत. साठच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांच्या कित्येक पट्ट्या अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत, म्हणजे त्यावर विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा थर चढवलेला असतो. तो थर कडक असतो, घासल्यावर ठिगळांसारखा निघतो. आधी कॉस्टिक सोड्याने तो उतरवायचा (जरा जास्त वेळ राहिला तर पट्टीही खातो), मग घासायचं, मग पुन्हा अ‍ॅनोडाइझ. हे घरच्या बादलीतलं काम नव्हे.

पट्टी खरोखर स्टेनलेसची असली तरी तारेची घासणी नकोच. तिचे लोखंडी कण पृष्ठभागात रुततात आणि पहिल्या पावसात नारिंगी ठिपके उमटतात. नायलॉनचा खरखरीत घासण्याचा पॅड घ्या, लोखंडावर कधीच न वापरलेला. तो लाकडी ठोकळ्याला गुंडाळून पट्टीच्या लांबीने, एकाच दिशेने सरळ हात मारा. ड्रिल लावलंत तर गोल वळसे उमटतात आणि उन्हात तेवढेच दिसतात. पोचे आधी मागून ठोकून काढावे लागतात. पॅड ते काढत नाही.

ओरखड्यांचं अर्धं खरं. रेषांच्या दिशेचे लपतात, आडवे उलट जास्त डोळ्यांत भरतात.

आणि गंज? खरखरीत पृष्ठभाग आरशासारख्या पृष्ठभागापेक्षा मीठ आणि ओल जास्त धरतो. मुंबई-रत्नागिरीकडे गाडी असेल तर ब्रश्ड पट्टी गोड्या पाण्याने जास्त वेळा धुवावी लागेल.