नागपूर ५६ वर गेलं नव्हतं, आणि गाडीतला ५१ही हवेचा नव्हे

एप्रिल संपत आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, कुलरच्या ताट्या बदलून देणाऱ्याचा नंबर. दुसरा हा मेसेज:

"नागपूरकरांनो, फसू नका! हवामान खातं ४५ सांगतं, पण गाडीचा डिस्प्ले ५१ दाखवतो आणि मोबाईल ४८. ३० मे २०२४ ला ५६ हा खरा आकडा चुकून बाहेर आला आणि लगेच दाबला गेला. कारण ५० झालं की कायद्यानं सुट्टी द्यावी लागते! थर्मामीटर सावलीत ठेवून ऊन मोजतात, ही कुठली पद्धत? गच्चीवर स्वतः मोजून पाहा. पुढे पाठवा."

यंदा तो वरच्या मजल्यावरच्या काकांनी टाकला. काकांशी माझं भांडण नाही. ज्यांच्या डोक्यावर थेट स्लॅब आहे आणि रात्री अकरालाही ज्यांचं छत हाताला चटका देतं, त्यांना ४५ हा आकडा अपमान वाटला तर नवल नाही. पण मेसेजमधला एकेक मुद्दा हातात घेऊन बघण्यासारखा आहे.

आधी गाडी. कारण हा पुरावा प्रत्येकानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे, मीही. बर्डीवर, म्हणजे शहराच्या मध्यातल्या सीताबर्डीत, तासभर उन्हात गाडी उभी केली, परत येऊन चालू केली, तर समोर ५१. वर्धा रोडला लागलो आणि मोकळा रस्ता मिळाला तसा आकडा उतरत गेला. ५०, ४८, ४६. विमानतळाजवळ, म्हणजे नेमका हवामान खात्याच्या दारात, तो ४५ वर आला. यात कुणाला कट शोधायचा असेल तर शोधावा. मला त्यात बंपर दिसतो. गाडीचा तापमान-सेन्सर म्हणजे वाटाण्याएवढा तुकडा, बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरच्या किंवा जाळीच्या मागं बसवलेला. एसीला अंदाज यावा आणि थंड देशांत रस्त्यावर बर्फ जमण्याची सूचना मिळावी, यासाठी तो असतो. त्याच्या खाली हातभर अंतरावर डांबर, जे मे महिन्याच्या दुपारी साठ अंशांच्या वर सहज जातं. मागं रेडिएटर. गाडी उभी असली की तो या दोघांच्या मध्ये भाजत राहतो. चालती झाली की समोरून वारा लागतो आणि मग कुठं त्याला हवेचा पत्ता लागतो. म्हणून गाडीचा आकडा वाचायचाच असेल तर दहा-पंधरा मिनिटं सलग चालवल्यावर वाचा. सिग्नलवर नको. पार्किंगमध्ये तर मुळीच नको.

मोबाईलचं प्रकरण वेगळंच आहे. बहुतेक फोनमध्ये बाहेरची हवा मोजणारं काही नसतंच. आत जो सेन्सर असतो तो बॅटरीचा. दुचाकीच्या होल्डरवर उन्हात लावलेला फोन 'गरम झालोय' म्हणत चार्जिंग थांबवतो, स्क्रीन अंधारी करतो आणि नेमका मॅपच्या वळणावर दगा देतो, तो या बॅटरीच्या तापमानामुळं. स्क्रीनवर जे 'नागपूर ४४' दिसतं ते इंटरनेटवरून येतं. कुठल्या तरी कंपनीच्या संगणकानं आपल्या भागाचे चौकोन पाडून काढलेला तो अंदाज असतो. दोन ॲपचे चौकोन वेगळे, हिशेब वेगळा, म्हणून एकाच सोफ्यावर बसलेल्या नवरा-बायकोच्या फोनवर दोन आकडे.

मग ४८ कुठून आला? नीट पाहिलं तर तो बहुधा खाली बारीक अक्षरात असतो, 'फील्स लाइक'च्या पुढं. म्हणजे हवा किती तापली ते नाही, अंगाला किती वाटेल ते. त्याचं एक नेहमीचं सूत्र तापमान आणि आर्द्रता यांवर चालतं, पण काही कंपन्या ऊन-वारा घालून स्वतःचं सूत्र करतात. गंमत अशी की त्या नेहमीच्या सूत्रानं आपला मे महिना उलट सौम्य निघतो. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर उत्तर येतं ४० च्या आसपास, कारण कोरड्या हवेत घाम झरझर वाळतो. आणि जूनमध्ये पहिल्या सरीनंतर ३६ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता झाली की तेच सूत्र ५१ सांगतं. विश्वास बसत नसेल तर आपल्या कुलरला विचारा. मे महिन्यात वाळ्याच्या ताटीतून गारेगार वारा देणारा तोच कुलर जूनमध्ये नुसतं दमट फुंकतो. कुलर आणि घाम एकाच तत्त्वावर चालतात: पाणी वाळलं तर थंडावा.

आता ५६. या आकड्याचा स्क्रीनशॉट दर उन्हाळ्यात थडग्यातून उठतो, म्हणून इथं थोडं थांबू. ३० मे २०२४. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, सुरू होता, शहर खरंच होरपळत होतं. हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्रांपैकी रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या केंद्रानं ५६ दाखवलं, सोनेगावच्या केंद्रानं ५४. आकडे संकेतस्थळावर होते, कुणीही पाहू शकत होतं. 'चुकून बाहेर आला' हे इथंच ढिलं पडतं. पण त्याच वेळी आणखी दोन केंद्रं ४४ च्या आसपास दाखवत होती. आणि वेधशाळेतला साधा, माणसानं वाचायचा थर्मामीटर ४४-४५ च्या घरात होता. हवा काही प्लॉट पाहून तापत नाही, राजेहो. एका बाजूच्या हवेत आणि दुसऱ्या बाजूच्या हवेत भर दुपारी दहा-बारा अंशांचा फरक पडत नसतो. पडला तर आधी यंत्र तपासायचं. खात्यानं तपासलं आणि इलेक्ट्रॉनिक सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्रानं ५२.९ दाखवलं होतं. तिथंही तपासणीत सेन्सर ३ अंश जास्त सांगत असल्याचं निघालं.

५६ म्हणजे केवढं, तेही बघू. भारतातली आजवरची मान्य नोंद राजस्थानातल्या फलोदीची, १९ मे २०१६, ५१ अंश. जगातली अधिकृत नोंद अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीची, १० जुलै १९१३, ५६.७ अंश, आणि तिच्यावरही शंका घेणारे अभ्यासक आहेत. रामदासपेठ डेथ व्हॅलीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली असती तर जगभरचे हवामानतज्ज्ञ दुसऱ्या दिवशीच्या विमानानं इथं उतरले असते. एवढं मात्र मान्य करतो की बिघडलेल्या यंत्राचा आकडा तसाच लोकांसमोर गेला, ही खात्याची चूकच. ५६ ऐकून कुणी घाबरलं तर त्यात त्याचा दोष नाही.

सुट्टीचा मुद्दा दोन ओळींत संपतो. ५० अंशांना सगळ्यांना सुट्टी द्या असा कायदा नाही. हवामान खात्याच्या निकषांत ५० ला काही विशेष मानही नाही: मैदानी भागात ४५ झालं की उष्णतेची लाट, ४७ झालं की तीव्र लाट. आकडा लपवायचाच असता तर ४६.९ वर दाबला असता, आणि नागपूरनं ४७ च्या वरच्या नोंदी उघडपणे पाहिल्या आहेत.

राहिला सावलीचा सवाल. मेसेजमधला हा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण शाळेत हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. उन्हात ठेवलेला थर्मामीटर ऊन मोजत नाही, तो स्वतः किती तापला ते सांगतो. काच, धातू, मागची काळी पट्टी, प्रत्येकाचं तापणं निराळं. दोन कंपन्यांचे दोन थर्मामीटर उन्हात ठेवले तर दोन उत्तरं येतील, आणि दोन्ही हवेची नसतील. म्हणून वेधशाळेत पांढऱ्या रंगाची, चारी बाजूंनी झडपांची लाकडी पेटी असते. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश इंजिनिअरच्या नावानं ती ओळखली जाते. वारा आत-बाहेर खेळावा, पण सूर्य आत शिरू नये, अशी तिची रचना. थर्मामीटर जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर, आणि दार उत्तरेकडं, म्हणजे वाचायला उघडलं तरी ऊन आत येत नाही. लंडन असो, नागपूर असो, सगळीकडं हीच पद्धत, नाहीतर तुलना कशाशी करणार?

मात्र या पेटीत बसून बर्डीच्या चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाला '४५ च तर आहे' असं सांगणं हा दुसऱ्या टोकाचा मूर्खपणा. त्याच्या डोक्यावर सूर्य, पायाखाली डांबर, दोन्ही बाजूंना तापलेल्या भिंती आणि इंजिनं. त्याच्या अंगावर जे येतं ते नुसत्या हवेच्या आकड्यात मावत नाही. ते मोजायलाही यंत्र आहे, काळ्या गोळ्यातला थर्मामीटर. त्याचा, ओल्या कापडाच्या थर्मामीटरचा आणि साध्या थर्मामीटरचा आकडा ठरावीक प्रमाणात मिसळून कामगारांसाठी आणि खेळाडूंसाठी धोका ठरवतात. 'आमच्या चौकात हा आकडा लावा' अशी मागणी कुणी केली तर मी पहिली सही करीन.

मेसेज म्हणतो, स्वतः मोजून पाहा. पाहिलं. इतवारीतून एकसारखे दोन थर्मामीटर आणले आणि दुपारी तीनला काकांसोबत गच्चीवर गेलो. एक कठड्यावर उन्हात ठेवला, दुसरा जिन्याच्या खोलीच्या उत्तरेकडच्या सावलीत टांगला. सावलीतला ४५ वर थांबला. उन्हातल्याची पट्टी ५० ला संपते, त्याची रेघ वर जाऊन टेकली. काका म्हणाले, "पाय! मी काय म्हनलं होतं?" मी उन्हातल्या थर्मामीटरवर पांढऱ्या पुठ्ठ्याचं छप्पर धरलं. हात भाजत होता, तरी दहा मिनिटं धरलं. रेघ ४७ वर आली.

"काहून उतरली रे? हवा तर तीच हाय."

"हवा तीच आहे काका. थर्मामीटर थंड झाला."

काका बराच वेळ दोन्हींकडं आळीपाळीनं बघत राहिले. ग्रुपसाठी फोटो मात्र त्यांनी पुठ्ठा बाजूला करायला लावून, रेघ परत ५० ला टेकल्यावरच काढला. मग सावलीतला थर्मामीटर माझ्या हातून घेतला आणि काळ्या टाकीचं झाकण उघडून पाण्यात बुडवला. ४४.

"हे हवामान खातं नाही सांगत," ते म्हणाले, "म्हणून तुझी काकू सकाळी सहालाच बादल्या भरून ठेवते." मग आम्ही खाली जाऊन बादलीतलं पाणीही मोजलं.